उघड्या शहराचें झांकलेलें अंग

एखादें मत पुनःपुन्हा उच्चारलें गेलें म्हणजे तें सिद्ध झालें, असा समज आपल्या रसिकवर्गांत फार बळावला आहे. चित्रपटांच्या टीकेंत तर या समजाचें राज्यच चालूं आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या ‘दि नेकेड सिटी’ या १९४८ सालच्या प्रसिद्ध गुन्हेपटाविषयीं असेंच एक मत रूढ झालें आहे. तें असें कीं, या चित्रपटाचा खरा नायक कोणी पोलीस अंमलदार नसून प्रत्यक्ष न्यूयॉर्क शहर हाच आहे. आणि ज्या अर्थी कॅमेरा स्टुडिओच्या भिंती ओलांडून खऱ्या रस्त्यावर उतरला, त्या अर्थी त्याच्याबरोबर सत्यही उतरलें. आमच्या महाविद्यालयांतील चित्रपट-मंडळानें हा चित्रपट नुकताच दाखविला. त्या वेळीं परिचय करून देणाऱ्या माझ्या एका तरुण सहकाऱ्यानें हेंच मत मोठ्या उत्साहानें मांडलें, आणि सभेनें टाळ्यांच्या गजरांत तें मान्य केलें. मी गप्प बसलों. सभेंत गप्प बसण्याचें प्रायश्चित्त मागाहून लेखणीनें घ्यावें, अशी आम्हां शिक्षकांची जुनी खोड आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

माझें म्हणणें थोडक्यांत असें: या चित्रपटांतले रस्ते खरे आहेत, पण त्यांची साक्ष घेतलेली नाहीं. साक्षीदार न्यायालयांत हजर असणें आणि त्याला बोलूं देणें या जशा दोन भिन्न गोष्टी आहेत, तसेंच कॅमेरा खऱ्या रस्त्यावर उभा राहणें आणि त्या रस्त्याला आपलें म्हणणें मांडूं देणें याही दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली तंत्राची आहे, दुसरी सत्यनिष्ठेची. पहिलीवरून दुसरी गृहीत धरणें हा उघड तर्कदोष होय, आणि या चित्रपटाचे स्तुतिपाठक तो पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत.

आधीं श्रेय ज्याचें त्याला दिलें पाहिजे. निर्माते मार्क हेलिंगर आणि दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिन यांनीं १९४७ च्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कमध्यें शंभराहून अधिक ठिकाणीं चित्रण केलें. शहर हवें असल्यास तें सुतारांकडून आणि रंगाऱ्यांकडून आवारांतच उभारून घ्यावें, असा त्या काळीं हॉलिवुडचा सामान्य रिवाज होता. या मंडळींनीं तो मोडला. येणाऱ्याजाणाऱ्यांना संशय येऊं नये म्हणून बंद गाडींत कॅमेरा लपवून, एकाच बाजूनें आरपार दिसणाऱ्या कांचेंतून माणसें टिपण्याची युक्ति त्यांनीं योजिली. छायालेखक विल्यम डॅनियल्स यांची कीर्ति तोंवर ग्रेटा गार्बोच्या चित्रपटांशीं निगडित होती. स्टुडिओंतल्या मृदु प्रकाशांत एक मुखमंडल उजळण्यांत ज्यांचीं अनेक वर्षें गेलीं, त्यांनींच येथें भर उन्हांतले पदपथ, बाजाराच्या गल्ल्या आणि घामेजलेले चेहरे टिपले. त्यांना आणि संकलक पॉल वेदरवॅक्स यांना या कामाबद्दल ऑस्कर पारितोषिकें मिळालीं, तीं यथायोग्यच होतीं. शेवटच्या पाठलागांत खुनी विल्यम्सबर्ग पुलाच्या लोखंडी सांगाड्यावर चढत जातो आणि खालीं शहर आपल्या नित्याच्या व्यवहारांत गढलेलें असतें. हें दृश्य पाहून ज्याचें मन हलत नाहीं, त्यानें चित्रपट पाहण्याचा नाद सोडावा हें उत्तम.

मात्र पहिलेपणाचा मान या चित्रपटाच्या गळ्यांत घालण्याची जी चाल पडली आहे, ती सोडून दिली पाहिजे. झिगा व्हेर्तोव्ह यांनीं १९२९ सालींच सोव्हिएत शहरांच्या रस्त्यांवर कॅमेरा फिरविला होता. बर्लिनमधील कांहीं तरुणांनीं १९३० सालीं ‘पीपल ऑन संडे’ हा चित्रपट नटनट्यांवांचून आणि स्टुडिओवांचून उभा केला. १९४५ सालीं रोसेलिनी यांनीं रोमचे युद्धानें जर्जर झालेले रस्ते पडद्यावर आणले, आणि त्याच सालीं खुद्द अमेरिकेंत ‘दि हाउस ऑन नाइन्टी-सेकंड स्ट्रीट’ या हेरपटानें न्यूयॉर्कच्या रस्त्यांचा आश्रय घेतला होता. रस्त्यावर पहिल्यानें कोण गेला हा प्रश्न, तात्पर्य, फारसा महत्त्वाचा नाहीं. रस्त्यावर जाऊन काय केलें, हा खरा प्रश्न आहे.

कथा साधी आहे. कपड्यांच्या दुकानांत मॉडेल म्हणून काम करणारी जीन डेक्स्टर ही तरुणी तिच्याच घरीं मारली जाते. तिला गुंगी आणून न्हाणीच्या टबांत बुडविलेलें असतें. बॅरी फिट्झजेराल्ड यांनीं रंगविलेला वयस्क, मिस्किल लेफ्टनंट मल्डून आणि त्याचा तरुण सहकारी हॅलोरन तपासाला लागतात. एक सराईत खोटारडा सभ्य गृहस्थ, एक प्रतिष्ठित डॉक्टर, श्रीमंतांच्या घरांतील दागिन्यांच्या चोऱ्या, आणि शेवटीं गार्झा नांवाचा एक माजी कुस्तीगीर, असे धागे एकामागून एक सांपडत जातात. कथेंत दोष नाहीं. दोष आहे तो ती सांगणाऱ्याच्या अधिकारांत.

माझा पहिला आक्षेप आवाजाचा. या चित्रपटाच्या आरंभींची श्रेयनामावलि पडद्यावर लिहून येत नाहीं. हेलिंगर ती स्वतः बोलून दाखवितात. आपण मॅनहॅटन बेटाकडे आकाशांतून पाहत असतों, आणि ते आपणांस बजावतात कीं हा चित्रपट स्टुडिओंत घडलेला नाहीं. तेव्हांपासून शेवटपर्यंत हा आवाज आपली पाठ सोडीत नाहीं. रात्रीं फरशी पुसणारी बाई दिसली कीं तिच्या मनांत काय चाललें आहे तें आपणांस ऐकविलें जातें. रेडिओवर तबकड्या वाजविणारा निवेदक दिसला कीं त्याच्या मनांतला विनोदही ऐकविला जातो. पाठलाग ऐन रंगांत आला असतां पळणाऱ्या खुन्याशींही हाच बोलूं लागतो. हेलिंगर हे मूळचे वर्तमानपत्री स्तंभलेखक. ब्रॉडवेच्या रात्रींच्या गोष्टी वाचकांपुढें मांडण्यांत त्यांचें तारुण्य गेलें. आपल्या शहरावर त्यांचें प्रेम होतें यांत शंका नाहीं. परंतु तें गोष्टी वेंचणाऱ्याचें प्रेम होतें. अशा माणसाला समोर कोणी दिसतांच त्याची चटकदार गोष्ट सुचते, आणि ती एकदां सुचली म्हणजे समोरच्यानें स्वतः तोंड उघडण्याचें कारण उरत नाहीं. वकीलच जर सर्व बोलणार, तर साक्षीदाराला न्यायालयापर्यंत चालविलें कशासाठीं?

दुसरा आक्षेप दृष्टीचा. कथालेखक माल्व्हिन वॉल्ड यांनीं न्यूयॉर्क पोलिसांच्या कामाची माहिती परिश्रमपूर्वक जमविली होती, आणि त्या परिश्रमाचें फळ चित्रपटांत दिसतेंही. तपास म्हणजे प्रतिभेची झेप नव्हे, झिजलेले बूट होत, ही गोष्ट इतक्या प्रामाणिकपणें पूर्वीं क्वचितच दाखविली गेली असेल. परंतु शहर आपणांस दिसतें तें सर्वस्वी पोलिसाच्या डोळ्यांनीं. हॅलोरन गार्झाचें छायाचित्र खिशांत घालून लोअर ईस्ट साइडच्या दाट वस्तींत हिंडतो. तीं दृश्यें चित्रपटांतील सर्वांत जिवंत दृश्यें आहेत. पोरें खेळत आहेत, दुकानांच्या दारांत माणसें उभीं आहेत, उन्हानें रस्ता तापला आहे. आणि या साऱ्या लोकांना चित्रपट एकच प्रश्न विचारतो: ‘हा माणूस पाहिला आहे काय?’ होय किंवा नाहीं एवढेंच उत्तर हवें असतें. तें मिळालें कीं कॅमेरा पुढच्या दाराकडे वळतो. तुम्ही येथें कां राहतां, भाडें किती देतां, हा गार्झा तुमच्यांतून कसा निपजला, हें कोणी विचारीत नाहीं. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधींच ठाऊक आहे: गुन्हेगार हा वाईट माणूस आहे, आणि वस्ती ही त्याच्या लपण्याची जागा आहे.

या चित्रपटाचें नांव कोठून आलें हें पाहिलें म्हणजे ही उणीव अधिकच स्पष्ट होते. तें नांव हेलिंगर यांनीं वीजी या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेल्या छायाचित्रकाराकडून विकत घेतलें. आर्थर फेलिग हें त्याचें खरें नांव. त्याचा ‘नेकेड सिटी’ हा छायाचित्रसंग्रह १९४५ सालीं निघाला होता. हा गृहस्थ आपल्या मोटारींत पोलिसांचा रेडिओ बसवून रात्रभर हिंडे, आणि गुन्ह्याच्या जागीं धांवत जाई. तोही पोलिसांच्या मागोमागच जात होता हें खरें. पण तेथें गेल्यावर त्याचा कॅमेरा पुष्कळदां प्रेताकडे पाठ फिरवी. त्याचें ‘देअर फर्स्ट मर्डर’ हें १९४१ सालचें प्रसिद्ध छायाचित्र पाहा. त्यांत प्रेत कोठेंच नाहीं. आहे ती प्रेत पाहण्यासाठीं लोटलेली ब्रुकलिनच्या मुलांची गर्दी. कोणी हंसत आहे, कोणी मान उंचावीत आहे, आणि त्यांच्यामध्यें एक बाई आक्रोश करीत आहे. शहर उघडें होतें तें असें. हेलिंगर यांनीं नांवाची किंमत मोजली. ती नजर कांहीं त्यांच्या पदरीं पडली नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो या दोघां कर्त्यांवर नसून कात्रीवर आहे. येथें तारखा नीट लक्षांत घ्याव्या. चित्रण १९४७ च्या उन्हाळ्यांत झालें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पटकथेचे एक लेखक अल्बर्ट मॉल्ट्झ यांना वॉशिंग्टन येथें अमेरिकन लोकसभेच्या चौकशी-समितीपुढें उभें करण्यांत आलें. तुम्ही कम्युनिस्ट आहां कीं नाहीं, या प्रश्नाला समितीला हवें तसें उत्तर देण्याचें त्यांनीं नाकारलें. नोव्हेंबरांत चित्रपट-कंपन्यांचे धनी जमले, आणि अशा दहा जणांना यापुढें काम द्यावयाचें नाहीं असें त्यांनीं जाहीर केलें. ही बैठक भरली तें ठिकाण न्यूयॉर्कचें वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेल होय! शंभरांवर स्थळीं फिरलेल्या या चित्रपटाची खरी कथा जेथें ठरली, त्या दिवाणखान्यांत मात्र कॅमेरा गेला नाहीं. डिसेंबरांत हेलिंगर हृदयविकारानें वारले, आणि मार्च १९४८ मध्यें चित्रपट लोकांपुढें आला. श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारीं शेजारीं ठेवणारीं आपण घेतलेलीं दृश्यें त्यांतून कापलीं गेलीं, असें डॅसिन पुढें खेदानें सांगत असत. मॉल्ट्झ यांना १९५० सालीं तुरुंगांत जावें लागलें. डॅसिन यांचें नांव १९५१ सालीं त्याच समितीपुढें घेतलें गेलें, अमेरिकेंत त्यांना काम मिळेनासें झालें, आणि १९५५ सालीं त्यांनीं आपलें सामर्थ्य पुन्हा सिद्ध केलें तें पॅरिसमध्यें, ‘रिफिफी’ या चित्रपटानें.

आतां मला सांगा, ज्या चित्रपटाच्या एका लेखकाला तुरुंग आणि दिग्दर्शकाला परदेश पत्करावा लागला, आणि ज्यांतून शहराची विषमताच वगळली गेली, त्याला ‘शहराचें नग्न सत्य’ म्हणून आपण टाळ्या वाजवाव्या काय? रस्ते दाखविण्याची मुभा होती. रस्त्याच्या या बाजूला राहणारा त्या बाजूला कां जाऊं शकत नाहीं, हें दाखविण्याची नव्हती. स्थळांच्या खरेपणाचें कौतुक करतां करतां ही गोष्ट आपण विसरतों, आणि नकळत कात्रीच्या बाजूनें मत देतों. माझा राग आहे तो या विसरण्यावर.

येथें कोणी म्हणेल कीं, गुन्हेकथेकडून समाजशास्त्राचा ग्रंथ मागणें हा अरसिकपणा आहे; ‘कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला’ हा फडके-खांडेकरांच्या काळचा वाद आतां कशाला उकरून काढतां? माझें उत्तर असें कीं, मी प्रवचन मागत नाहीं. प्रवचन तर या चित्रपटांत आहेच; हेलिंगर यांचा आवाज दुसरें काय करतो? मी मागतों तें एवढेंच कीं, ज्या रस्त्यावर गुन्हा घडतो त्या रस्त्याचा गुन्ह्याशीं कांहीं संबंध असावा. कलेच्या दृष्टीनेंही ही मागणी रास्त आहे. ज्या पार्श्वभूमीचा कथेवर परिणाम होत नाहीं, ती खरी असली तरी पडद्यावर रंगविलेल्या चित्राहून तिची योग्यता अधिक नाहीं.

आणि ही मागणी अशक्य कोटींतलीही नाहीं. त्याच १९४८ सालीं इटलींत व्हित्तोरिओ द सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ निघाला. रोममधील एका गरीब माणसाला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी लागते. हॉलिवुडच्या एका नटीचें चित्र चिकटवीत असतांनाच त्याची सायकल चोरीला जाते. मुलाला बरोबर घेऊन तो शहरभर हिंडतो. चोर सांपडतो तेव्हां त्याची वस्ती त्याच्या पाठीशीं उभी राहते, आणि त्याचें घर पाहतांच आपणांस कळतें कीं, चोरही फिर्यादीइतकाच कंगाल आहे. शेवटीं हा फिर्यादीच दुसऱ्याची सायकल उचलतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. येथें एक शब्दही उपदेशाचा नाहीं. पण रस्ता बोलतो.

तो चित्रपट पोलिसकथा नव्हे, असा आक्षेप कोणी घेतल्यास १९४९ सालच्या जपानकडे वळावें. अकिरा कुरोसावा यांच्या ‘स्ट्रे डॉग’ मध्यें मुराकामी या तरुण पोलिसाचें पिस्तूल चोरीला जातें. तें शोधण्यासाठीं तो युद्धावरून परतलेल्या भणंग शिपायाचा वेष घेऊन टोकियोच्या चोरबाजारांतून दिवसचे दिवस भटकतो. ज्याच्या हातीं तें पिस्तूल लागतें तोही परतलेला शिपाईच; परततांना त्याचें सारें सामान चोरीस गेलेलें, आणि मुराकामीचेंही तसेंच गेलेलें. एकानें एक वाट धरली, दुसऱ्यानें दुसरी. शेवटच्या झटापटींत चिखलानें माखलेले ते दोघे शेजारीं शेजारीं पडून धापा टाकतात, तेव्हां त्यांतला पोलीस कोणता हें क्षणभर ओळखूं येत नाहीं. मल्डून आणि गार्झा यांच्याविषयीं असा क्षणभराचा भ्रम होण्याची सोय ‘दि नेकेड सिटी’ मध्यें कोठेंही ठेवलेली नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें एका प्रसंगाचा अपवाद मात्र केला पाहिजे. मृत तरुणीचे आईबाप प्रेत ओळखण्यासाठीं बाहेरगांवाहून येतात. आई मुलीवर संतापलेली आहे. घर सोडून, नांव बदलून, झगमगाटामागें गेलेल्या या पोरीचा आपण तिरस्कार करतों असें ती बोलून दाखविते. प्रेतावरचें वस्त्र दूर होतें, आणि त्या तिरस्काराच्या आड इतका वेळ दडलेली माया आक्रोश करून बाहेर येते. पुढें नदीकांठीं बसून तीं दोघें बोलतात. पलीकडे शहर आहे. पोरीच्या सौंदर्यानेंच तिचा घात केला, हें आईचें दुःख ऐकतांना प्रथमच वाटतें कीं, हा खून या शहराच्या दुकानांतल्या कांचांशीं, त्यांतल्या कपड्यांशीं आणि ते कोणाला परवडतात या प्रश्नाशीं जोडलेला आहे. या चार मिनिटांत निवेदकाचा विनोद थांबतो, आणि चित्रपट थोर होतो. हेंच इतरत्रही साधतां आलें असतें याचा हा पुरावा नव्हे काय?

त्या दिवशीं घरीं आल्यावर मीं एक प्रयोग केला, आणि तो वाचकांनींही करून पाहावा अशी माझी विनंति आहे. मीं तोच चित्रपट आवाज बंद करून पुन्हा पाहिला. निवेदक गेला, संगीत गेलें, पोलिसांचे प्रश्नही गेले. तेव्हां इतका वेळ झांकलेलें कांहींतरी हळूहळू दिसूं लागलें. पदपथावरून जाणारी एक बाई पिशवीच्या ओझ्यानें एका बाजूला कललेली आहे. एक म्हातारा उन्हांत नुसता उभा आहे. तो कोणाची वाट पाहत आहे हें कोणीच सांगत नाहीं. गर्दींतला एखादा चेहरा बंद गाडीच्या दिशेनें सहज पाहतो आणि पुढें जातो. त्याला ठाऊक नाहीं कीं तो टिपला गेला, आणि आपणांस ठाऊक नाहीं कीं तो कोण. या माणसांना कथेंत कामच नव्हतें. म्हणूनच कात्रीचें लक्ष त्यांच्याकडे गेलें नाहीं, आणि तीं वांचलीं. डॅसिन यांचें कापलेलें शहर मला तेथें अंशतः तरी परत भेटलें. या चित्रपटाचें खरें मोल तें आहे. पण तें शोधावें लागतें, आणि टाळ्यांच्या गजरांत तें शोधतां येत नाहीं.

चित्रपटाच्या अखेरीस रात्रीचा झाडूवाला रस्ता झाडीत येतो, आणि जीनच्या खुनाची बातमी असलेलें वर्तमानपत्र कचऱ्याबरोबर लोटून देतो. निवेदक सांगतो कीं, या शहरांत ऐशीं लाख कथा आहेत, आणि ही त्यांतली एक. हें वाक्य ऐकून सभा मोहरून जाते. मी मात्र त्या झाडूवाल्याकडे पाहत राहिलों. ऐशीं लाखांचा हिशेब सांगणाऱ्याला समोर उभ्या असलेल्या एकाला दोन शब्द विचारण्याची बुद्धि झाली नाहीं. तो आपला रस्ता झाडीत दूर गेला. आणि माझे सहकारी म्हणतात, शहर बोललें!